डाउट आणि शंका

लातूर पॅटर्नच्या या मुलखात, अहमदपूरच्या एखाद्या शिकवणीत मूल हात वर करून म्हणते, ‘सर, एक डाउट आहे.’ गणिताची तिसरी पायरी कळलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. हा ‘डाउट’ म्हणजे आपली मराठी ‘शंका’च, ती विचारता येते, तिचे समाधान करता येते. भारतीय इंग्रजीत हा वापर पुरता रुळला आहे आणि त्याला सरसकट चूक ठरवणे अन्यायाचे आहे. लंडनच्या माणसाला मात्र तिथे ‘क्वेश्चन’ अपेक्षित असतो. त्याच्या ‘डाउट’मध्ये अविश्वासाची छटा असते.

खरी अडचण क्रियापदात आहे. ‘तोच चोर असावा अशी मला शंका आहे’ याचे ‘आय डाउट ही इज द थीफ’ केले, की अर्थ नेमका उलटतो: तो चोर नसावा! संशय सांगायला तिथे ‘सस्पेक्ट’ हवे. हा फरक मुलांना फळ्यावर लिहूनच दाखवायला हवा.

‘डाउट’च्या स्पेलिंगमधला ‘बी’ उच्चारात येत नाही. फ्रेंचमधून आलेल्या जुन्या रूपात तो नव्हताच. पुढे विद्वानांनी लॅटिन ‘दुबितारे’कडे पाहून तो घातला.