बारा लाडू आणि शून्य

अंकांच्या पंगतीत शून्याइतका मुलखावेगळा पाहुणा दुसरा नसेल. बेरजेत तो आला काय नि गेला काय, कोणाला पत्ता लागत नाही. गुणाकारात मात्र शेजारी लाख असो वा कोटी, एका घासात गिळून टाकतो! राहिला भागाकार. तिथे हा भाजक म्हणून आला, की दारच बंद. 'शून्याने भागू नये' असा दंडक आहे.

दंडक म्हटला की 'का?' म्हणणारे कोणी तरी घरात निघतेच. आमच्याकडे ती माझी अकरा वर्षांची पुतणी. वर्गात तिने हे विचारले, तेव्हा 'नियम आहे, पाठ कर' एवढेच उत्तर मिळाले आणि मुले हसली. त्या दिवसापासून "काका, मला गणित येतच नाही," असे ती म्हणू लागली. मला हे फार लागले. कारण तिच्या प्रश्नाने भल्याभल्यांना दमवले आहे.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याच्या गणिताचे नियम लिहिले. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे तो म्हणाला. आज ते कोणी मानत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' म्हटले. अनंत परमेश्वरात जीव लीन झाले वा बाहेर पडले तरी तो जसाच्या तसा, तशीच ही राशी, असा दाखलाही दिला.

एका दुपारी आम्ही दोघे फराळाचा डबा घेऊन बसलो. आत बारा लाडू. दर खेपेस तीन काढले तर चार खेपांत डबा रिकामा. एकेक काढला तर बारा खेपा. आणि शून्य काढले तर?

"काका, डबा संपणारच नाही!"

पोर भास्कराचार्यांच्या दाराशी येऊन उभी राहिली होती!

पण ताळा नको का करायला? बारा भागिले तीन म्हणजे चार, कारण तीन चोक बारा. शून्याला कोणत्याही अंकाने गुणा, बारा काही हाती येत नाहीत. शून्य भागिले शून्याची तऱ्हा उलटी; तिथे पाच म्हणा, पन्नास म्हणा, प्रत्येक उत्तराचा ताळा जमतो!

मग उत्तर 'अनंत' का म्हणू नये? कारण अनंत हा इतर अंकांसारखा वागत नाही. एक, दोन, तीन अशा न संपणाऱ्या आकड्यांतून सगळे सम काढा, अनंत विषम उरतात. अकरापासून पुढचे सगळे काढा, दहाच उरतात. दोन्ही वेळा अनंतातून अनंतच वजा केले! असल्या लहरी गृहस्थाच्या हाती घरचा हिशेब कोण देईल?

पुतणीने वहीत त्या नियमापुढे लिहिले : 'कारण ताळा जमत नाही.' परवा ती विचारत होती, "काका, सम आकडे सगळ्या आकड्यांच्या निम्मे, की तितकेच?"

'मला गणित येत नाही' हे वाक्य काही दिवस तरी आमच्या घरात ऐकू येणार नाही, असे दिसते.