बोगदा जुळला, वही उघडेना

चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी भोजनास घरी पोहोचावयाचे, तर पेढी लवकर बंद करावी लागते. उरलेला जमाखर्च घरून पुरा करता यावा म्हणून आम्ही गेल्या वर्षी व्हीपीएन घेतले. इंटरनेटवरून जाणारा, पण आतील मजकूर सांकेतिक रूपात नेणारा हा खासगी बोगदाच होय.

आरंभी प्रोग्राम संगणकावर बसेचना. जुन्या आवृत्तीचे अवशेष काढून, संगणक पुन्हा सुरू करून, प्रशासकाच्या अधिकाराने तो चालविला तेव्हा बसला. मग प्रमाणपत्र अवैध असल्याचा संदेश आला. संगणकाची तारीख मागे पडली होती. ती दुरुस्त केल्यावर ‘जोडले गेले’ अशी अक्षरे उमटली, तरी पेढीची वही उघडेना. जीएसटीचे विवरण २० तारखेस भरावयाचे होते.

इंटरनेटवाले म्हणाले, लाइन उत्तम आहे. प्रोग्राम विकणारे म्हणाले, बोगदा जुळला आहे. पुतण्या म्हणाला, पेढीचा संगणक चालू आहे. तिघेही आपापल्या नयाने खरेच बोलत होते. अंशसत्य नाकारू नये आणि त्यालाच पूर्ण सत्यही मानू नये, ही अनेकान्ताची शिकवण येथे उपयोगी पडली. घरचे वायफाय सोडून मोबाइलचे इंटरनेट जोडून पाहिले. वही तत्काळ उघडली. म्हणजे अडचण घरच्या जोडणीशी निगडित होती.

घरचा व पेढीचा राउटर दोन्हीकडे १९२.१६८.१ ने आरंभ होणारेच पत्ते वाटत होते. पत्रावर गावाचे नाव नसेल, तर पोस्टमन ते आपल्याच गावच्या गांधी चौकात टाकील. तसाच घरचा संगणक पेढीचा पत्ता घरातच शोधीत होता. निरोप बोगद्यात शिरतच नव्हता.

एका तंत्रज्ञाने सोपा मार्ग सुचविला: व्हीपीएन काढून टाका आणि राउटरवर ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट उघडा. काम दहा मिनिटांचे होते. परंतु दूरस्थ संगणक वापरण्याचे हे दार सर्वांना ठाऊक असते. पासवर्डचे तर्क लढविणारे प्रोग्राम त्यावर अहोरात्र धडका देतात. शिवाय खातेवही केवळ आमची नसते. कोणाचे किती देणे आहे, कोणाचा हप्ता थकला आहे, हे लोकांनी विश्वासाने आमच्याकडे ठेवलेले असते. ती ठेव उघड्यावर टाकण्यास वडील बंधूंनी स्पष्ट नकार दिला, आणि तो मला योग्य वाटला.

रविवारी पेढीचे पत्ते १९२.१६८.५७ या मालिकेत बदलले. मुख्य संगणक, प्रिंटर व व्हीपीएन यांच्या नोंदी त्यानुसार सुधारल्या. घरचा पत्ता बदलला असता तर प्रत्येक भावाच्या घरी तेच करावे लागले असते. पेढीचा एकदाच बदलावा लागला.

ज्यांच्याकडे अशी अडचण येईल, त्यांनी आधी तारीख पाहावी, मग दुसऱ्या इंटरनेटवर जोडून पाहावे, मग दोन्हीकडचे पत्ते ताडावेत. विवरणाच्या घाईत दार मात्र उघडे टाकू नये.