दुसऱ्याची गुरं

गुराख्याचं स्वतःचं जनावर बहुधा नसतंच. असली तर एखादी बकरी. सकाळी गावातल्या दावणींवरून गाई-म्हशी सुटतात, आखरावर गोळा होतात आणि त्याच्या हवाली होतात. दिवेलागणीला त्या जशाच्या तशा ज्याच्या त्याच्या दारात पोचायला हव्यात. मधल्या वेळात ऊन असतं, पाऊस असतो, इचूकाटा असतो आणि धुऱ्यापलीकडचं कुणाचं तरी हिरवंगार सोयाबीन असतं. मोह जनावराला होतो, शिव्या गुराख्याला बसतात.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला बायबलातला मेंढपाळ आधी कॅलेंडरवर भेटतो. पांढरा स्वच्छ झगा, खांद्यावर कोकरू, मागे गालिच्यासारखी हिरवळ. वाशीमकडच्या गावात मात्र खरा राखणदार रोज दारावरून जातो. डोक्याला मळका रुमाल, खांद्यावर घोंगडी नाहीतर खताच्या पोत्याची खोळ, काखेत काठी आणि फडक्यात बांधलेली भाकर. श्रद्धा कशी जगायची, हे मला त्या कॅलेंडरपेक्षा या माणसाकडून जास्त कळलं.

गाभण गाय कधीकधी रानातच वेते. अशा वेळी त्याच्याकडे बघत राहावं. तो घाई करत नाही, गाईच्या अंगाशीही झटत नाही. थोडा दूर उकिडवा बसून राहतो, उरलेल्या गुरांना नुसत्या हाकेनं सांभाळतो. वासरू खाली आलं की त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढतो, खुरांची मऊ पिवळी टोकं खुडतो आणि त्याला आईसमोर चाटायला ठेवतो. मग वार पडायची वाट बघतो. गाईनं ती खाऊ नये म्हणून काठी हातात धरून तिथंच थांबतो, पडली की खड्डा करून पुरतो. हे सगळं उरकल्यावर ते ओलं, थरथरतं वासरू मानेवर घेऊन, पुढचे-मागचे पाय दोन्ही हातांत धरून तो गावाची वाट धरतो. मागून गाय हंबरत येते. मालकाच्या अंगणात वासरू उतरवतो आणि सांगतो, "गोऱ्हा हाय, पाटील." गोऱ्हा पाटलाचा आणि गायही पाटलाची. त्याच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी वाटीभर चीक येतो.

गुराखी म्हटलं की मराठी मनाला आधी गोकुळ आठवतं, गोपाळकाला आठवतो, आणि ते साहजिकच आहे. पण बायबलही गुराढोरांनी भरलेलं आहे. आमोस संदेष्टा तकोवा गावचा. गुरं राखणारा आणि उंबराची फळं बघणारा. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, असा तिथे नियमच आहे. वैऱ्याचा बैल चुकून भटकताना दिसला तरी तो त्याच्या घरी पोचवावा, अशी आज्ञा आहे. बैल आपला धनी ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, माणसं मात्र ओळखत नाहीत, अशी यशयाची तक्रार आहे. आणि देवाचा पुत्र जन्मला तेव्हा त्याला निजवलं ते गव्हाणीतच.

यशयाची तक्रार समजून घ्यायची असेल तर सांजवेळी गावाच्या तोंडाशी उभं राहावं. गुरं गावात शिरतात आणि कळप आपोआप फुटत जातो. एक गाय या बोळात वळते, दुसरी त्या वाड्यात. कुणी हाकलत नाही, कुणी नाव घेत नाही. शंभरांतली नव्याण्णव सोडून एकीच्या शोधात जाणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टान्त ऐकला की पुष्कळजण विचारतात, मग त्या नव्याण्णवांचं काय? मेंढरांचं मला माहीत नाही, पण आमच्या गाईंपुरतं उत्तर या सांजवेळेत आहे. ज्यांना घर ठाऊक आहे त्या जातात घरी. एखादीच्या गळ्यातली घंटी ऐकू येत नाही, आणि गुराखी तसाच पाणीसुद्धा न पिता नाल्याकडे परत फिरतो. मोजणीत एक कमी भरली म्हणून नव्हे. ती कुठली, कुणाची, कुठे रेंगाळते, हे त्याला ठाऊक असतं म्हणून.

योहानाच्या शुभवर्तमानात मोलकऱ्याबद्दल कडक बोललं आहे. लांडगा आला की तो पळतो, कारण मेंढरं त्याची नसतात. हे वचन मला बरेच दिवस टोचत होतं, कारण आमचा गुराखी मोलकरीच आहे. पूर्वी त्याला सुगीला ज्वारी मिळायची, आता जनावरामागे महिन्याचे पैसे ठरतात. तरी तो पळत नाही. भर पावसाळ्यात रानात वीज पडून गुराखी दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दरसाल येतात. माळावर ढग गडगडायला लागले म्हणून गुरं सोडून तो घरी आला असता तर त्यातले काही वाचले असते. त्याचा हिशेब साधा आहे. आपलं जनावर गेलं तर नुकसान आपलं. दुसऱ्याचं गेलं तर तोंड कसं दाखवायचं? मोलकरी ज्या कारणानं पळतो, त्याच कारणानं हा थांबतो. गुरं त्याची नाहीत म्हणून.

अमेरिकेतला काउबॉयही असाच मोलकरी होता. सिनेमानं त्याच्या कमरेला पिस्तूल लावलं आणि त्याला राजा केलं. खरा काउबॉय महिना ३०-४० डॉलरवर दुसऱ्याची गुरं हाकणारा गडी. त्यांत कृष्णवर्णीय होते, मेक्सिकन होते. रात्रीच्या राखणीला घोड्यावरून कळपाभोवती फेऱ्या घालताना गुरं बिथरू नयेत म्हणून ते हळू आवाजात गात, आणि त्या गाण्यांत चर्चमधली स्तोत्रंही असत. आज तिकडे काउबॉय चर्च नावाच्या मंडळ्या आहेत. कुठे गोठ्यात, कुठे घोड्यांच्या रिंगणाशेजारी उपासना चालते, आणि बाप्तिस्मा बहुतेक वेळा गुरांच्या पाण्याच्या टाकीत होतो. मला त्या टाकीचं फार अप्रूप वाटतं.

त्या मुलखाशी वाशीमचं एक जुनं नातं आहे. चर्च ऑफ द नाझरीन या पंथाची घडी बसली ती १३ ऑक्टोबर १९०८ ला, टेक्सासमधल्या पायलट पॉइंट नावाच्या लहानशा गावी. त्याच पंथाच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या. वाशीमला तेव्हा कागदोपत्री बासिम म्हणत. तिथे १९३८ मध्ये त्यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. एक परकी बाई, परकी भाषा, समोर दुसऱ्यांची बाळंतपणं, दुसऱ्यांचे ताप. त्या रोग्यांतलं कुणी त्यांच्या नात्याचं नव्हतं की गावचं. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी याच राखणीत घातली.

आणि गुरं हाकण्याचा इतिहास टेक्सासलाच आहे असं नव्हे. वाशीम जिल्ह्यातल्याच मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं मोठं तीर्थ, संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान. या समाजाच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्याच्या गोण्या लादून अर्धा हिंदुस्थान पायाखाली घातला. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि लमाणांच्या लदेणीचा धंदा बसत गेला. त्याच साली कॅन्ससमधल्या ॲबिलीन स्टेशनावर टेक्सासची गुरं गाडीत चढू लागली आणि काउबॉयचे दिवस आले. पुढे काटेरी तारांनी माळ कुंपणात गेले, रूळ आणखी आत शिरले, आणि त्याचेही दिवस सरले. हाकणाऱ्याच्या हातात रस्ता कधीच नव्हता. त्याच्या हातात होतं ते एवढंच, की सोपवलेलं नीट पोचवायचं.

आमच्याकडेही आता तेच चाललंय. ई-क्लासच्या, म्हणजे चराईच्या जमिनी अतिक्रमणांनी आक्रसल्या, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, आणि गावाला गुराखी मिळेना. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं तर घरोघरी खांदे उरले नाहीत. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकानं लिहून ठेवलंय की येशू सुतारकामात नांगर आणि जू करत असे. जू खांद्याला बसलं नाही की काय होतं, हे त्याला कारागीर म्हणून ठाऊक असणार. म्हणूनच तो थकल्या-भागल्यांना आपलं जू घ्यायला बोलावतो आणि ते सोयीचं असल्याची खात्रीही देतो. जू नसलेलं आयुष्य देऊ करत नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आपण ख्रिस्ती माणसं मेंढरू व्हायला फार लवकर तयार होतो. तेविसावं स्तोत्र म्हणताना हिरव्या कुरणात आडवं होतो आणि काठी दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होतो. पण आपल्यातल्या प्रत्येकाकडे कुणाची तरी गुरं राखायला आहेत. शिक्षकाकडे दुसऱ्यांची पोरं आहेत, नर्सकडे दुसऱ्यांचे आईबाप, तलाठ्याकडे दुसऱ्यांचे सातबारे, पाळकाकडे दुसऱ्यांचे जीव. यातलं काहीच आपलं नाही, आणि सांजेला ते धड परत जायला हवं. एवढं जमलं तर कपाळावर वेगळं काही लिहावं लागत नाही.

तेव्हा रविवारी उपासनेला जरूर जा. मात्र निघण्यापूर्वी आपल्या ताब्यातल्या जिवाला पाणी दाखवलंय का, तेवढं बघून जा. त्यासाठी उशीर झाला तरी चालेल. अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला शब्बाथाच्या दिवशी बरं केलं म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावला, तेव्हा येशूनं भर सभेत हाच दाखला दिला होता: शब्बाथ असला तरी तुमच्यातला प्रत्येकजण बैल गव्हाणीपासून सोडतो आणि पाण्यावर नेतोच ना?