दोन गल्ल्या सोडून

कोथरूड, पुणे
कोजागिरी पौर्णिमा

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. अमरावतीचं घर बंद करून नाशिकला मुलाजवळ जावं का, असं तू विचारतेस. फोनवर सगळं बोलून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते: जा. या वयात आपलं माणूस हाकेच्या अंतरावर असावं. पण लेकरांसाठी ज्या गावात जायचं, त्या गावाशी ओळख आपली आपणच करून घ्यावी लागते. ती त्यांच्याकडून आयती मिळत नाही.

आम्ही लेकीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. एकत्र राहू, असा तिचा फार आग्रह होता. ह्यांनी वेगळी जागा बघायला लावली, ते बरं झालं. नातू शाळेतून आमच्याकडे येतो, वरणभात जेवतो, गृहपाठ करतो. संध्याकाळी लेक त्याला न्यायला येते तेव्हा घटकाभर टेकते, चहा घेते. त्या वेळी ती पुन्हा माझी मुलगी असते, कुणाच्या घरची धावपळ करणारी बाई नसते. मागे ह्यांना रात्री ताप भरला तेव्हा फोन ठेवेपर्यंत जावई दारात उभे होते. नागपूर-पुणे अंतर सातशे किलोमीटरच्या वर. आम्ही नागपूरला असताना अशा वेळी लेक रात्रभर गाडीत जीव मुठीत धरून बसायची. तिची ती काळजी मिटली, यातच आमचं येणं सार्थकी लागलं.

दिवस मात्र मोठा असतो, ताई. सकाळी लेक-जावई कामावर गेले की पुढचे सगळे तास आपले. नागपुरात, धरमपेठेत मी घराबाहेर पडले की गोकुळपेठच्या बाजारापर्यंत चार जुन्या विद्यार्थिनी भेटायच्या, भाजीवाली ह्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची. इथे मला सगळे ‘तिची आई’ म्हणून ओळखत. शेजारची माणसं सज्जन, पण आपापल्या कामात.

ओळख झाली ती महालक्ष्म्यांमुळे. आपल्याकडचे मुखवटे आणि कोठ्या मी नागपूरहून जपून आणल्या होत्या. इमारतीत बहुतेक घरी खड्यांच्या गौरी. आपल्या उभ्या महालक्ष्म्या, वरती टांगलेला फुलोरा, सोळा भाज्या, आंबील, हे त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलेलं नव्हतं. एवढा घाट एकटीला झेपेना, म्हणून मी शेजारच्या दोघींना मदत मागितली. एकीनं भाज्या चिरून दिल्या, दुसरी करंज्या तळायला बसली. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा झाली आणि घरात पानं मांडायला जागा पुरेना. पाहुणचाराआधी मदत मागितली म्हणून त्या घरात मोकळेपणानं वावरल्या. तेव्हापासून माझ्याकडे इमारतीतल्या मुलांचा गणिताचा वर्ग भरतो. तीस वर्षं शाळेत जे केलं, तेच आता हॉलमध्ये सतरंजी टाकून करते. नव्या वस्तीत कुणाला तरी आपला उपयोग होतोय, याचं बळ मोठं असतं.

दुसरी गोष्ट, आपल्या पायानं हिंडणं. इथे वनाझपासून मेट्रो 2022 मध्ये सुरू झाली, आता ती थेट रामवाडीपर्यंत जाते. स्टेशनात लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघे अडवत नाहीत. डेक्कनला जायला जावयांना गाडी काढायला सांगावी लागत नाही. तुझी तर पंचाहत्तरी झाली आहे. ऑगस्ट 2022 पासून त्या वयाच्या माणसांना एसटीचा राज्यातला प्रवास मोफत आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, वणीची सप्तशृंगी तुझ्या मनाला येईल तेव्हा कर.

कागदपत्रांचं काम पहिल्या महिन्यातच उरक. आधारवरचा पत्ता, गॅस, बँक, मतदार यादीसाठी नमुना 8. डॉक्टरांची जुनी फाईल आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर घे, आणि आजारी पडायच्या आधीच तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटून ये.

अमरावतीचं घर विकायची किंवा मुलाच्या नावावर करायची घाई करू नकोस. भाच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण घर हातात असलं की माणूस परत जायला जागा नाही या भीतीनं किंवा गरजेनं नव्हे, मनापासून राहतं. कधी बक्षीसपत्र करायचंच ठरलं, तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं 23 वं कलम त्या अटीच्या बळावरच मदतीला येतं. वकिलाला विचारून घे.

हे सगळं मुलाशी आणि सूनबाईशी आत्ताच मोकळेपणानं बोल. नातवंडांना किती वेळ सांभाळशील, जेवण कुठे, सणवार कुणाकडे, सगळं. प्रेम आहे म्हणून न बोलता राहिलेल्या गोष्टीच पुढे सलतात. मग त्यांच्या घराजवळ वर्षभरासाठी भाड्यानं जागा घे आणि चारही ऋतू काढून बघ. सामान लावायला मी येतेच. तुझ्या महालक्ष्म्यांच्या कोठ्या तेवढ्या अमरावतीला विसरू नकोस.

तुझी,
धाकटी