गरुडाचं नाक, पोपटाचं नाक

इंग्रजी कादंबऱ्यांतल्या रुबाबदार माणसांचं नाक बरेचदा 'अ‍ॅक्विलाइन' असतं. लॅटिनमध्ये 'अक्विला' म्हणजे गरुड आणि 'अक्विलिनस' म्हणजे गरुडासारखा. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला आणि मुख्यतः नाकालाच चिकटला. मधे उंच, टोकाशी खाली वळलेलं, बाकदार नाक.

रोमनांना गरुडाचं भारी कौतुक. त्यांच्या सैन्याच्या निशाणांवर आधी लांडगा, घोडा, रानडुक्कर असेही प्राणी असत. इ.स.पू. १०४ मध्ये मारियसने बाकीचे सगळे काढून फक्त गरुड ठेवला, असं प्लिनी सांगतो. तो शत्रूच्या हाती लागणं म्हणजे मोठी नामुष्की. अशा पक्ष्याचं नाक म्हटल्यावर रुबाब आलाच!

आता हेच नाक बोदवडला आणा. आमच्याकडे त्याला सरळ 'पोपटनाक' म्हणतात.

आमच्या घरात हे नाक आजोबांकडून आलंय (नातेवाईक मंडळींनी आरशात बघून घ्यावं :-)). काकांच्या चेहऱ्यावर ते 'भारदस्त' ठरलं. आत्याच्या चेहऱ्यावर मात्र पोपट झाला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण आत्याचं नाक चांगलं लांब असूनही विघ्नं चुकली नाहीत. बघायला आलेल्या एका घरच्या बाईंनी चहा पिता पिता तिच्यासमोरच म्हटलं होतं, "मुलगी चांगली आहे, नाक तेवढं पोपटासारखं." पुढे तिचं लग्न झालं, संसार उत्तम झाला. पण फोटो काढताना ती अजून मान किंचित तिरकी करते.

गंमत म्हणजे आपल्याकडे पोपट कधी हलका नव्हताच. बाणभट्टाच्या 'कादंबरी'त राजाच्या शहाण्या मंत्र्याचं नावच शुकनास, म्हणजे पोपटाच्या नाकाचा. राजपुत्राला उपदेश करतो तो हाच. मंदिराच्या शिखराचा जो भाग दर्शनी बाजूला पुढे आलेला असतो, त्यालाही शुकनास म्हणतात. म्हणजे देवळालासुद्धा पोपटाचं नाक! मधल्या काळात हे कुठे हरवलं कोण जाणे. ज्वारीच्या कणसांवर थवेच्या थवे उतरायला लागले की शेतकऱ्याला कसला शुक आणि कसला मंत्री, हेही खरंच.

दिवाळीत आत्याला हे सगळं ऐकवलं. रोमन सैन्यापासून बाणभट्टापर्यंत. ती निवांतपणे शेव गाळत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गरुड व्हतं, तं मंग तव्हा मले पोपट काबर म्हने सारे?"

आणि मग म्हणाली, "तुह्या पोरीचंबी तेच नाक हाये. तिले सांगून ठेव आतापासून."


पोरगी सहा वर्षांची आहे. तिला गरुडापेक्षा पोपट जास्त आवडतो.