टणक ट्यूब आणि पोकळ समजूत

संपादकांनी ‘छंद’ विभागासाठी लेख मागितला, तेव्हा मी आधी एवढंच कळवलं की ट्यूबवर बसून मासे धरणं हा उजनी धरणाच्या काठावर छंद नाही. ज्याला होडी परवडत नाही, त्याचं ते पोट आहे. तरी लिहितोय, कारण मी अशा ट्यूबच्या खोळी शिवतो आणि उन्हाळ्यात माझ्याकडे आलेली एक फाटकी ट्यूब अजून डोक्यातून जात नाही.

भीमेच्या पट्ट्यातला एक तरुण मच्छीमार ती घेऊन आला होता. ट्रकची ट्यूब, तिच्यावर घरी शिवलेली ताडपत्रीची खोळ, बसायला मध्ये पोत्याची झोळी. सकाळी कॉम्प्रेसरने हवा भरून घेतली, दुपारपर्यंत ट्यूब उन्हात पडून होती. पाण्यात अंगाचा भार पडला आणि खोळीची शिवण उसवली, फटीतून रबराचा फुगा बाहेर आला आणि फुटला. पोहता येत होतं म्हणून गडी काठाला लागला, जाळं मात्र गेलं. “चांगली टणक भरली होती, साहेब,” हेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

टणकपणाने कोणी तरंगत नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. ट्यूब बाहेरून मीटरभर रुंद आणि नळी २५ सेंटीमीटर जाड धरली, तर आत सुमारे ११५ लिटर जागा होते. ती पूर्ण बुडाली तर ११५ किलो पाणी बाजूला सारते, आणि पाणी तेवढाच भार उचलून धरतं. हवेचा दाब १ पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) असो की ३, आकार तोच असेल तर उचल तीच. दाब हवा तो फक्त बसल्यावर नळी मुडपू नये एवढ्यापुरता.

जास्तीचा दाब जातो शिवणीवर, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. खोळ न ताणणारी असेल तर २ पीएसआयला कड्याच्या आतल्या बाजूच्या शिवणीवर दर सेंटीमीटरला दोन किलोहून जास्त ओढ येते, बाहेरच्या बाजूला दीड किलो. लोक मात्र शिवण दिसू नये म्हणून नेमकी आत घेतात! त्यात ऊन. सावलीत २५ अंशांना भरलेली हवा काळ्या रबरात ६० अंशांपर्यंत तापली, की २ पीएसआयचा दाब जवळपास दुप्पट होतो. म्हणून हवा पाण्याजवळ भरावी, ट्यूब ओली करून मग पुन्हा बोटाने दाबून बघावी. या एका गोष्टीवरून पंक्चरवाल्यांशी माझे वाद झालेत. त्यांना रस्त्यावरची ट्यूब ठाऊक आहे. तिथे दाब टायर झेलतो, इथे तो सुती दोऱ्यावर येतो.

उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की ट्यूब घेऊन गाळातून लांब चालावं लागतं, त्यामुळे वजनाचा प्रश्न खराच. टीपीयू या लवचिक प्लास्टिकचा थर दिलेलं नायलॉन दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं घेतलं, तर वरच्या मापाच्या कड्याला अर्ध्या किलोच्या आसपास कापड लागतं. त्याचे जोड इस्त्रीच्या उष्णतेने वितळवून चिकटवता येतात. ट्रकच्या ट्यूबचं वजन याच्या कित्येक पट. पण तिचं ब्यूटाइल रबर हवा जास्त काळ धरतं आणि गावात कुठेही सोल्यूशनने जोडून मिळतं. टीपीयूला ते सोल्यूशन धरत नाही. चिलापीच्या पाठीवरचा काटा किंवा पाण्यात बुडालेल्या वेड्या बाभळीचा काटा दोन्ही फोडतो. हलकं द्यावं की दुरुस्त होणारं द्यावं, यावर माझं मन अजून ठरलेलं नाही.

ठरलंय ते एवढंच की एकाच कप्प्यावर माणूस पाण्यात सोडायचा नाही. पाठीमागे दहा लिटरचा बंद छिद्रांचा फोम शिवून टाकला, तर कडं फुटलं तरी धरून राहायला पुरेशी उचल उरते. थर्माकोल नको, तो झिजून त्याचे दाणे पाण्यात पसरतात. फोमने वजन थोडंच वाढतं, खर्च मात्र वाढतो, आणि गिऱ्हाईक तिथेच हात आखडतं. त्या तरुणाच्या नव्या खोळीत मी तो विचारल्याशिवायच घातला, शिवण बाहेरच्या बाजूला घेतली आणि पैसे जाळ्याचा हंगाम संपल्यावर द्यायला सांगितले.