फायरवॉल, ओहोटी आणि यार्डातले काका

आमच्या मोऱ्यात राहणाऱ्याला एक गोष्ट पाठ असावी लागते, ती म्हणजे ओहोटीची वेळ. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते आणि साधारण तासाभरात मोरा बंदराला लागते. पण बंदरात गाळ इतका साठलेला असतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही. मग पाणी येईपर्यंत थांबा. आता जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत आली, त्याच महिन्यात अटल सेतूही उघडला. मी सांगतोय ती गोष्ट मात्र २०१० ची आहे. तेव्हा ओहोटी म्हणजे ओहोटी!

तर मंडळी, ही गोष्ट त्या ओहोटीची, आणि एका फायरवॉलची. बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात मी फारसा चांगला दिसत नाही.

तेव्हा मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका छोट्या क्लिअरिंग-फॉरवर्डिंग कंपनीत होतो. लागलो होतो प्रोग्रामर म्हणून. पण छोट्या कंपनीत प्रोग्रामर म्हणजे सर्व्हर, प्रिंटर, शेठच्या मुलीचा लॅपटॉप, सगळं काही. कंपनीचा कंटेनर यार्ड होता आमच्याच बाजूला, उरणमध्ये, जेएनपीटीच्या रस्त्याला. यार्डात एक कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि एक काका. ट्रेलर बाहेर काढायचा तर गेटपास लागायचा, आणि तो छापायचा प्रोग्राम फोर्टातल्या सर्व्हरवर होता. (व्हीपीएन का नव्हतं, असं विचारू नका. बजेट का नव्हतं, असं विचारा.)

फोर्टातल्या सर्व्हरपुढे फायरवॉल म्हणून एक जुनं पेंटियम मशीन होतं, झेरॉक्स मशीनच्या मागे ठेवलेलं. त्यावर ओपनबीएसडी आणि त्याचं पीएफ. हे पीएफ २००१ साली लिहिलं गेलं, कारण आधीच्या आयपीफिल्टरच्या लायसन्सवरून वाद झाला होता. मला ते फार आवडायचं. सगळे नियम एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, वाचले की कळणारे.

मे २०१० मध्ये ओपनबीएसडी ४.७ आलं आणि त्यात या नियमांची भाषाच बदलली. इथे थोडं टेक्निकल बोलावं लागेल, पण कंटाळू नका, सगळी गंमत त्यातच आहे.

समजा, फायरवॉल म्हणजे सोसायटीचा वॉचमन. त्याच्याकडे नियमांची वही आहे. हा वॉचमन जरा विचित्र आहे. तो पहिला लागू पडणारा नियम पाळत नाही, वही शेवटपर्यंत वाचतो आणि जो शेवटचा लागू पडला तो पाळतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'कुणालाही सोडू नका.' दुसऱ्या पानावर, 'सर्व्हरच्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्याला सोडा.' आता यार्डातून येणाऱ्या चिठ्ठीवर पत्ता असतो सोसायटीचा, फ्लॅटचा नाही. तो बदलून कुणीतरी फ्लॅट नंबर टाकायला हवा. ४.६ पर्यंत त्यासाठी गेटाबाहेर वेगळं टेबल होतं. चिठ्ठी वॉचमनकडे येईपर्यंत तिच्यावर फ्लॅट नंबर पडलेला असायचा. ४.७ मध्ये ते टेबल काढलं आणि पत्ता बदलायचं कामही वॉचमनच्याच वहीत घातलं. म्हणजे पत्ता बदलायचा नियम वहीत ज्या पानावर असेल, त्या पानापासून पुढेच पत्ता बदलणार.

कळलं ना? मला नव्हतं कळलं :)

ऑक्टोबरमधला एक शनिवार. दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर अपग्रेड केला, मशीन रीबूट केलं. नेट बंद. स्क्रीनवर सिंटॅक्स एररची रांग, प्रत्येकीपुढे ओळीचा नंबर. जुन्या भाषेतली फाइल नव्या पीएफला वाचताच येईना. अशा वेळी हे मशीन शहाणपणा करतं. फाइल चढली नाही तर स्वतःचे मोजके नियम लावून बसतं, जवळजवळ सगळं बंद, पण एसएसएच उघडं, म्हणजे ॲडमिनला बाहेरून आत येता यावं. मी तर समोरच बसलो होतो. एकेक ओळ नव्या भाषेत लिहीत गेलो. पीएफसीटीएलला 'एन' पर्याय दिला की तो नियम न चढवता नुसती फाइल तपासतो. तासाभराने त्याची कुरकुर थांबली.

मग मला नीटनेटकेपणाचा झटका आला. आता पत्ता बदलायची ओळ फाइलमध्ये कुठेही चालते ना? मग यार्डाची ओळ सगळ्यात खाली हलवली आणि वर छान कॉमेंट टाकली, 'यार्ड'. परत तपासलं. एकही चूक नाही. नियम चढवले. गुगल उघडलं, मेल उघडली, स्कोअर बघितला. सगळं मस्त. शेठना मेल टाकली, 'अपग्रेड यशस्वी', आणि पाणी उतरायच्या आत लाँच पकडून घरी.

रविवारी सकाळी साडेनऊला काकांचा फोन.

"साहेब, गेटपास निघत नाय."

काका माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला साहेब म्हणायचे. मी झोपेतच म्हटलं, "काका, तुमच्याकडचं नेट गेलं असेल. मोडेम बंद करून परत चालू करा."

"नेट हाय साहेब. बाकीचं उघडतंय. आपलाच प्रोग्राम येत नाय."

हे वाक्य परत वाचा. अख्खं निदान त्यात आहे. मी ते ऐकलं आणि म्हणालो, "मोडेम करून तर बघा."

असं तीन वेळा झालं. मध्ये मी डाँगल लावून घरूनच फोर्टाच्या मशीनवर शिरलो. चढलेले नियम बघितले. यार्डाची ओळ तिथे होती, अगदी बरोबर लिहिलेली. म्हणजे माझ्या बाजूने सगळं ठीक. घरून तो प्रोग्राम उघडून बघायची सोय नव्हती, कारण ती वाट फक्त यार्डाच्या पत्त्यासाठी उघडी होती (सुरक्षा!). मी ठरवून टाकलं, प्रॉब्लेम यार्डातच आहे.

अकराला परत फोन. गेटवर अकरा ट्रेलर उभे होते. त्यातल्या एका कंटेनरचा जहाजासाठीचा कट-ऑफ दुपारी दोनचा होता. दोनच्या आत तो बंदराच्या गेटात गेला नाही तर जहाज त्याला न घेता जाणार. आता मात्र माझी झोप उडाली. जुन्या व्हर्जनची हार्डडिस्क मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती. ठरवलं, फोर्टात जायचं, डिस्क बदलायची, सोमवारी बघू काय ते.

धक्क्यावर आलो तर समोर नुसता चिखल. होड्या कलंडून पडलेल्या. पलीकडे घारापुरी अशी स्वच्छ दिसत होती, जणू चालत जाता येईल. तिकीट खिडकीवरचा माणूस म्हणाला, "दीड वाजल्याशिवाय नाय." रस्त्याने फोर्ट गाठायचा तर अडीच तास तरी हवेत. दोन्हीत काही अर्थ नव्हता. मग म्हटलं, यार्ड तर इथेच आहे स्कूटरवर. निदान तोंड तरी दाखवून येऊ.

खरं सांगतो, मी प्रॉब्लेम सोडवायला यार्डात गेलो नव्हतो. फोर्टात जाता येईना म्हणून गेलो होतो.

ऊन रणरणत होतं. ड्रायव्हर ट्रेलरखाली सावलीत पडलेले, एकाने तिथेच स्टोव्हवर भात लावलेला. काकांच्या केबिनमध्ये पंखा होता, पण तो गरम हवाच फिरवत होता. टेबलावर एक वही उघडी होती. तिच्यात लिहिलेलं, '९.१० बंद. ९.२५ बंद. ९.३० हेड ऑफिसला फोन. ९.४० मोडेम चालू-बंद, तरी बंद. गुगल चालू.' आणि असंच पुढे, पार ११.३० पर्यंत. इतका स्वच्छ लॉग मी तोवर कुठल्या सर्व्हरवर बघितला नव्हता.

मी काकांच्या खुर्चीत बसलो आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवरून फोर्टाच्या मशीनला एसएसएच केलं. लगेच लागलं. म्हणजे यार्डाचं नेट ठणठणीत. सकाळपासूनचा माझा आरोप तिथेच निकालात निघाला. मी काही बोललो नाही. फायरवॉल अडवलेल्या गोष्टींची नोंद पीएफलॉगमध्ये टाकतं, ती टीसीपीडम्पने चालती बघता येते. ती लावून ठेवली आणि म्हटलं, "काका, आता बटण दाबा." ते बाजूने वाकले आणि बटण दाबलं. स्क्रीनवर एक ओळ सरकली. यार्डाचा पत्ता, आणि पुढे 'ब्लॉक'. "परत दाबू?" परत एक ओळ.

म्हणजे चिठ्ठी फोर्टापर्यंत येत होती आणि माझाच वॉचमन तिला परत पाठवत होता. मग फाइल वरून खाली वाचली, वॉचमन वाचतो तशी. पान दोन, 'सर्व्हरकडे जाणाऱ्याला सोडा', पण तिथे चिठ्ठीवर अजून सोसायटीचाच पत्ता. शेवटच्या पानावर पत्ता बदलतो, पण परवानगीचं पान मागे राहिलं. लागू पडलेला शेवटचा हुकूम पहिल्या पानाचाच, 'कुणालाही सोडू नका'.

'यार्ड' या कॉमेंटखालची ओळ उचलून वर नेली, तपासली, चढवली. दोन मिनिटं. प्रिंटर करकरायला लागला. पावणेएक वाजले होते. काकांनी चहा मागवला, पण मी "घाई आहे" म्हणून निघालो. घाई कसली? रविवार होता.

अकरापैकी दहा ट्रेलर सुखरूप गेले. अकराव्याचा कट-ऑफ हुकला. बंदराच्या रस्त्यावरची रांग दोनच्या आत संपली नाही.

आता न सांगितलेला भाग. त्या संध्याकाळी मी शेठना मेल लिहिली, 'यार्डाची कनेक्टिव्हिटी सुरळीत केली आहे.' एकही शब्द खोटा नाही. सोमवारी शेठनी यार्डात फोन करून काकांना झाडलं. नेट जातं तर आधी का सांगत नाही, दुसरं कनेक्शन का मागितलं नाही, वगैरे. काका ऐकून घेत राहिले. हे मला मंगळवारी कळलं. गुरुवारी मी दुसरी मेल लिहिली, चूक माझी होती, नियमाची एक ओळ चुकीच्या जागी होती. सिंटॅक्स एरर तासाभरात सुटल्या होत्या. ही मेल लिहायला मला तीन दिवस लागले.

शेठ म्हणाले, "ठीक आहे, पुढे लक्ष ठेव." काकांना फोन केला तर ते हसले. "मला तेव्हाच कळलेलं साहेब. तुम्ही चहा न घेता गेलात ना."

हे सगळं परत आठवायचं कारण ऑस्ट्रेलियातली एक बातमी. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या ऑप्टस या टेलिकॉम कंपनीने फायरवॉल अपग्रेड केला. नेहमीचे कॉल व्यवस्थित लागत होते. फक्त इमर्जन्सीचा ट्रिपल झिरो नंबर कित्येकांना लागत नव्हता. कित्येक तास हे चाललं, शेकडो कॉल वाया गेले, आणि त्या काळात झालेल्या काही मृत्यूंची चौकशी झाली. मला सगळ्यात लागलं ते हे, की काही ग्राहकांनी कॉल सेंटरला फोन करून सांगितलंही होतं की नंबर लागत नाही. ते वर पोचलंच नाही. आपापल्या जागी बसलेले यार्डातले काका, आणि पलीकडे कुणीतरी म्हणतंय, मोडेम चालू-बंद करा.

कुणी म्हणेल, मग अपग्रेड करूच नये. तेही खरं नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या शिपिंग कंपनीला आडवं केलं आणि इथे जेएनपीटीतलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं. तो व्हायरस ज्या भोकांतून पसरला त्यातल्या एकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. जुनं तसंच ठेवणं म्हणजे सुरक्षित, असं काही नसतं.

मी आता दोनच गोष्टी करतो. अपग्रेडच्या आधी यादी करतो की या भिंतीतून कोण कोण ये-जा करतं, आणि नंतर त्यातल्या प्रत्येकाला फोन करून म्हणतो, तुमच्या जागेवरून बटण दाबून बघा. माझ्या मशीनवर गुगल उघडलं म्हणजे फक्त माझं गुगल उघडलं. सिंटॅक्स एरर बिचारी ओळीचा नंबर देऊन ओरडते. बरोबर लिहिलेला पण चुकीच्या जागी बसलेला नियम ओरडत नाही. तो कळतो फक्त त्याला, ज्याचं काम अडतं. म्हणून त्याचा फोन आला की आधी ऐकायचं.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. कुणी चहा मागवला तर घेऊन निघायचं.

असो. आज परत मोठी ओहोटी आहे, बंदरावर चक्कर मारून येतो.